मराठी मुलखातील ख्रिस्ती पंथभेद आणि सुधारणा

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, गंगापूर तालुक्यात, लासूर स्टेशन हे बाजारपेठेचे गाव आहे. निजामाच्या राज्यातून गोदावरीच्या खोऱ्याने जाणारा हा लोहमार्ग १९०० च्या सुमारास वाहतुकीला खुला झाला आणि ज्या काळात तो टाकला जात होता, त्याच काळात या परिसरातील खेड्यांमध्ये ख्रिस्ती मिशनांचे काम मूळ धरत होते. लासूर स्टेशन मध्यभागी धरून नकाशावर शंभर-सव्वाशे किलोमीटरचे वर्तुळ काढले, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या वर्तुळात ख्रिस्ती धर्माचे किमान चार वेगवेगळे पंथ नांदताना दिसतात. मनमाड आणि औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) या दोन्ही टोकांना इंग्लंडच्या चर्चशी संबंधित ‘चर्च मिशनरी सोसायटी’ होती व औरंगाबादेत तिचे काम रतनजी नवरोजी हे मूळचे पारशी असलेले पाळक पाहत होते. पूर्वेला जालन्यात स्कॉटलंडचे प्रेसबिटेरियन होते. दक्षिणेला गोदावरी ओलांडली की अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या लागत. आणि खुद्द गंगापूर-वैजापूरच्या ग्रामीण पट्ट्यात, घोगरगावसारख्या केंद्रांतून, कॅथोलिक फादर काम करत होते. यांपैकी कोणाचेही पूर्वज युरोपात एकमेकांशी गुण्यागोविंदाने राहिलेले नव्हते.

या कॅथोलिक फादरांचा संघ सालेसचे संत फ्रान्सिस यांच्या नावाने ओळखला जातो. त्याची स्थापना १८३८ साली आजच्या फ्रान्समधील आनेसी या गावी झाली आणि १८४६ पासून विशाखापट्टणम आणि पुढे नागपूर ही त्याची भारतातील प्रमुख केंद्रे बनली. संत फ्रान्सिस हे सतराव्या शतकाच्या आरंभी जिनिव्हाचे कॅथोलिक बिशप, म्हणजे धर्मप्रांताचे प्रमुख होते. परंतु जिनिव्हा शहर जॉन कॅल्विनच्या अनुयायांच्या हाती गेलेले असल्यामुळे त्यांना स्वतःच्या शहरात राहता येत नव्हते आणि चाळीसेक किलोमीटरवरच्या आनेसीतून कारभार पाहावा लागत होता. कॅल्विनपंथी झालेल्या मुलखाला पुन्हा कॅथोलिक मताकडे वळवणे, ही त्यांची ख्याती. याउलट जालन्याच्या स्कॉटिश मिशनचे मूळ त्याच जिनिव्हात होते, कारण स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणा घडवणारा जॉन नॉक्स कॅल्विनच्या सहवासात तयार झाला होता. आनेसी आणि जिनिव्हा यांच्यातील भांडण अशा रीतीने तीन शतकांनी गंगापूर आणि जालना यांच्यामध्ये येऊन बसले. ज्या शेतमजुरांनी येथे बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती समाजात प्रवेशाचा जलसंस्कार, घेतला, त्यांना या भांडणाचा पत्ताही नव्हता. माणूस कोणत्या पंथाचा, हे त्याच्या गावाला कोणते मिशन प्रथम पोचले यावर ठरत होते. तत्त्वज्ञानाचा भाग त्यात फारच थोडा होता. मराठी मुलखातील ख्रिस्ती पंथभेद समजून घेताना ही गोष्ट विसरली, की सगळा इतिहास परकीय नावांची जंत्री होऊन बसतो.

मुळात हे भेद कसे पडले, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात फुटीची कारणे वरवर तात्त्विक दिसतात, पण बहुतेक तात्त्विक वादांच्या पोटात अधिकाराचा प्रश्न दडलेला असतो. ४३१ साली इफिसस येथील धर्मपरिषदेने कॉन्स्टँटिनोपलचा धर्मप्रमुख नेस्टोरियस याची मते पाखंडी, म्हणजे अधिकृत श्रद्धेच्या विरोधी ठरवली. ख्रिस्ताचे दैवी व मानवी स्वरूप एकमेकांशी कसे जोडलेले आहे, हा वादाचा विषय होता. इराणातील ख्रिस्ती समाजाने हा निर्णय स्वीकारला नाही आणि रोमन साम्राज्याबाहेरचे हे ‘पूर्वेचे चर्च’ स्वतंत्रपणे वाढले. १०५४ साली रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी एकमेकांना बहिष्कृत केले व कॅथोलिक आणि ऑर्थोडॉक्स या दोन शाखा वेगळ्या झाल्या. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीला आव्हान दिले आणि त्यातून प्रॉटेस्टंट चळवळ उभी राहिली. पोपपेक्षा बायबल श्रेष्ठ, हे तिचे मुख्य सूत्र होते. पुढे प्रॉटेस्टंटांमध्येही चर्च कोणी चालवायचे यावरून पंथ पडले. बिशपांच्या हाती कारभार ठेवणारे अँग्लिकन, वडीलजनांच्या मंडळाकडे तो सोपवणारे प्रेसबिटेरियन, प्रत्येक स्थानिक मंडळीला स्वायत्त मानणारे काँग्रिगेशनल आणि केवळ जाणत्या वयातील बाप्तिस्माच खरा मानणारे बॅप्टिस्ट, ही त्यांतली प्रमुख नावे.

यांपैकी पहिली फूट महाराष्ट्रात सर्वांत आधी पोचली. सहाव्या शतकातील कॉस्मस नावाच्या ग्रीक प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे इराणमधून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे, आणि हे गाव म्हणजे आजचे कल्याण असे अनेक अभ्यासक मानतात. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले; काही वर्षांनी तेथे आलेल्या ओदोरिक या इटालियन साधूने नोंदवले आहे, की ते चौघे ज्यांच्याकडे उतरले होते ते ख्रिस्ती नेस्टोरियन होते व त्यांची पंधराएक घरे तेथे होती. ओदोरिकने या यजमानांचा उल्लेख फुटीर आणि पाखंडी असा केला आहे. ज्यांनी परक्या मुलखात आपल्या पंथाच्या साधूंना छप्पर दिले, त्यांच्याबद्दल एका धर्मगुरूच्या लेखणीतून उतरलेले हे शब्द मराठी भूमीवरील ख्रिस्ती पंथभेदाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक होत.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले तेव्हा वाद वेगळ्या वळणावर गेला. पूर्वेकडील मुलखात बिशप नेमण्याचा आणि चर्चचा खर्च चालवण्याचा हक्क पोपने पोर्तुगालच्या राजाला दिला होता. या व्यवस्थेला ‘पाद्रुआदो’ म्हणत. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेतील विचलन शोधून शिक्षा करणारे धर्मन्यायालय, सुरू झाले. पोर्तुगालची ताकद ओसरू लागल्यावर पोपने १६२२ साली मिशनकार्यासाठी ‘प्रोपागांडा फिदे’ हे स्वतःचे खाते काढले आणि तेथून पाद्रुआदो विरुद्ध प्रोपागांडा हा संघर्ष दोन-तीन शतके चालला. गोव्यातील दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या मातेऊस द कास्त्रो यांना गोव्याच्या आर्चबिशपांनी धर्मगुरू करण्याचे टाळले, तेव्हा ते थेट रोमला गेले; प्रोपागांडाने त्यांना बिशपपद देऊन १६३७ साली विजापूरच्या आदिलशाही मुलखाची जबाबदारी दिली. रोमन परंपरेतील ते पहिले भारतीय बिशप, आणि त्यांचे सारे आयुष्य पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांशी भांडण्यात गेले. मुंबईत हा वाद इतका चिघळला, की १७९४ पासून शहरातील कॅथोलिक चर्चे दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांमध्ये वाटली गेली आणि एकाच वस्तीत, एकाच श्रद्धेची, पण दोन धन्यांची देवळे उभी राहिली. ही दुहेरी सत्ता १९२८ साली संपली.

या वादातून निघालेला सर्वांत लक्षणीय बंडखोर म्हणजे आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस. गोव्यातील वेर्णे येथे १८३६ साली जन्मलेले आल्वारिस कॅथोलिक धर्मगुरू होते आणि वृत्तपत्रांतून सरकार व चर्च यांच्यावर निर्भीडपणे लिहीत. १८८६ साली पोप आणि पोर्तुगाल यांच्यात झालेल्या करारावरून त्यांचा रोमशी कायमचा बेबनाव झाला. ते केरळच्या मलंकर ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले आणि १८८९ साली कोट्टायम येथे मार युलियस या नावाने बिशप झाले. त्यांनी उपासनेची लॅटिन पद्धत तशीच ठेवली, फक्त पोपची सत्ता नाकारली. पोर्तुगीज सरकारने त्यांचा छळ केला, तरी त्यांनी पणजीत गोरगरिबांसाठी दवाखाना चालवला, पटकीच्या उपचारांवर लिहिले आणि टंचाईच्या काळात खाता येईल असे कंद लावण्याचा प्रचार केला. १९२३ साली रायबंदर येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्या चर्चने त्यांना बहिष्कृत केले होते, त्याच चर्चचे लोक मोठ्या संख्येने त्यांच्या अंत्ययात्रेत सामील झाले. आल्वारिस यांचा पंथ गोव्यात रुजला नाही, कारण त्यांच्या मागे ना संस्थानाचे बळ होते ना परदेशी पैसा. पण धर्मश्रद्धा सोडल्याविनाही धर्मसत्तेला नकार देता येतो, हे त्यांनी करून दाखवले.

प्रॉटेस्टंट मिशनांचा मराठी मुलखातील इतिहास १८१३ पासून सुरू होतो, जेव्हा गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. ते काँग्रिगेशनल पंथाचे होते. १८३१ साली त्यांच्या मिशनने अहमदनगरला ठाणे दिले आणि १८४२ साली तेथेच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. स्कॉटिश मिशनरी १८२३ साली कोकणात बाणकोटला आले आणि १८२९ पासून डॉ. जॉन विल्सन यांनी मुंबईत त्यांच्या कामाला आकार दिला. एकाच गावात दोन मिशने भांडू नयेत म्हणून प्रॉटेस्टंटांनी आपसांत क्षेत्रे वाटून घेतली होती, आणि लासूर स्टेशनच्या आसपासचा नकाशा हा त्या वाटणीचाच परिणाम आहे. मात्र कॅथोलिक या समझोत्यात नव्हते आणि सर्व प्रॉटेस्टंटही तो पाळत नसत. १८७० नंतरच्या दशकात अहमदनगर जिल्ह्यात अँग्लिकनांची ‘सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल’ ही दुसरी संस्था शिरली, आणि अमेरिकन मिशनच्या दृष्टीने ती उघड आगळीक होती. पुढे जेझुइट फादरही त्या जिल्ह्यात आले. गावकऱ्यांनी या स्पर्धेचा अर्थ आपल्या परीने लावला. ज्यांच्याकडे शाळा होती, दुष्काळात धान्य मिळत होते आणि पाटील-देशमुखांच्या जाचातून सोडवायला कचेरीत येणारा साहेब होता, त्यांच्याकडे लोक जात. मनासारखे झाले नाही तर दुसऱ्या मिशनकडे वळत. मिशनरी अहवालांत याला अस्थिरपणा म्हटले जाई. ज्यांच्या हाती दुसरे काहीच नव्हते त्या लोकांची ती सौदाशक्ती होती, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

परदेशातील फूट येथे किती थेट उतरत असे, याचे उत्तम उदाहरण १८४३ चे आहे. त्या वर्षी मे महिन्यात स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमधून सुमारे साडेचारशे पाळक बाहेर पडले, कारण मंडळीच्या इच्छेविरुद्ध जमीनदाराने पाळक लादण्याचा हक्क त्यांना मान्य नव्हता. त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केले. मुंबईत डॉ. विल्सन यांनीही फ्री चर्चची बाजू घेतली आणि आपणच उभारलेली शिक्षणसंस्था इमारतीसह सोडून नवी काढली. तीच पुढे विल्सन कॉलेज म्हणून नावारूपाला आली. त्याच १८४३ साली विल्सन यांच्या प्रभावाने नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. फ्री चर्चचे पाळक म्हणून शेषाद्री जालन्याला गेले, आणि हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत वसवली, जिच्यात प्रामुख्याने अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील ख्रिस्ती कुटुंबे होती. ब्राह्मण पाळक आणि मांग-महार मंडळी एका पंक्तीला, ही त्या काळच्या मराठवाड्यात साधी गोष्ट नव्हती. तिकडे स्कॉटलंडात फ्री चर्च १९०० साली दुसऱ्या एका चर्चमध्ये मिळाले आणि १९२९ साली बहुतांश पुन्हा मूळ चर्चमध्ये परतले. ज्या कारणासाठी फूट पडली होती ते कारणच कायद्याने नाहीसे झाले होते. जालन्याच्या मंडळीच्या कागदांवरची नावे मात्र दर वेळी बदलत गेली.

येथपर्यंतचे भेद आयात केलेले होते. मराठी माणसांनी स्वतःच्या प्रश्नांवरून ख्रिस्ती चर्चशी वाद घातला, तेव्हा त्याचा सूर निराळा लागला, आणि त्यात पहिले नाव पंडिता रमाबाईंचे घ्यावे लागते. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी अँग्लिकन चर्चचा बाप्तिस्मा घेतला. पण लगेचच त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहारातून दीर्घ वाद सुरू झाला. एक देव तीन व्यक्तींत आहे ही त्रैक्याची कल्पना जशी सांगितली जाते तशी बायबलात कोठे आहे, असे रमाबाई विचारत. न मानणाऱ्याला शाश्वत दंड होईल अशी घोषणा करणारे अथनासियसचे श्रद्धापत्र म्हणण्यास त्या तयार नव्हत्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, हाही त्यांचा प्रश्न होता. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे भारतातील बिशपांनी सुचवले, तेव्हा त्या संतापल्या. पुरोहितांच्या एका जोखडातून सुटून आलेल्या व्यक्तीने दुसरे तसलेच जोखड मानेवर का घ्यावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ल्यूथरने पोपला जे विचारले त्याच्याशी हे मिळतेजुळते आहे, मात्र ल्यूथरला ज्याची कल्पनाही नव्हती ते दोन पदर, स्त्री असणे आणि पराधीन देशातील असणे, रमाबाईंच्या प्रश्नाला होते. त्यांना समजून न घेणारे दोन्ही बाजूंना होते: पुण्यातील सनातन्यांना त्या धर्मबुडव्या वाटत आणि वाँटेजच्या भगिनींना अहंकारी.

रमाबाईंनी कोणताही पंथ काढला नाही. १८८९ साली मुंबईत सुरू झालेले शारदा सदन आणि पुढे केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी कोणत्याही एका चर्चच्या ताब्यात जाऊ दिले नाही. १९०५ च्या जून महिन्यात केडगावच्या मुलींमध्ये सामुदायिक प्रार्थना, रडणे, पश्चात्तापाची जाहीर कबुली असे पुनरुज्जीवनाचे प्रकार घडू लागले, ज्यांना आज पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणारी, चळवळ म्हणतात. लॉस एंजेलिसमधील ज्या सभांपासून या चळवळीचा आरंभ सामान्यतः मानला जातो, त्या १९०६ च्या आहेत. मुक्तीतील अमेरिकन सहकारी मिनी एब्रम्स यांनी या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेतील चिली देशात एका मेथडिस्ट मिशनरी दांपत्याच्या हाती पडली, तेथेही तसाच उठाव झाला आणि १९१० मध्ये चिलीच्या मेथडिस्ट चर्चमध्ये फूट पडून स्वतंत्र पेंटेकोस्टल मंडळी निघाली. युरोपातील भांडणे महाराष्ट्रात येत होती तेव्हा दौंडजवळच्या एका खेड्यातून निघालेली ठिणगी प्रशांत महासागराच्या काठी पोचली, हा क्रम फार क्वचित सांगितला जातो. रमाबाईंचे अखेरचे मोठे काम म्हणजे बायबलचे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले भाषांतर. अर्धशिक्षित स्त्रीलाही वाचता यावे अशी सोपी मराठी, हा त्यांचा आग्रह होता. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो तुकाराम नाथोजी या भारतीय पाळकाच्या हातून. अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते शिक्षक, कवी, १९०४ पासून दीक्षित पाळक आणि पुढे ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, ही त्यांची श्रद्धा होती, आणि मराठी चर्चमध्ये भाषांतरित इंग्रजी गीतांची जागा अभंग, ओवी, भजन व कीर्तनाने घेतली त्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांचे आहे. परंतु टिळकांचे बंड गाण्यापुरते नव्हते. पगार परदेशी मिशनचा, निर्णय परदेशी मिशनरींचा आणि मंडळी मात्र मराठी, ही स्थिती त्यांना असह्य झाली. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचा हा बंधुसंघ होता आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोन्ही प्रकारचे लोक बसू शकत होते. हे दुसरे कलम अतिशय धाडसी होते. जलसंस्कार हे चर्चचे दार मानले जात असताना टिळकांनी दाराबाहेरच्यांनाही दरबारात आसन दिले. बहुतेक मिशनऱ्यांना हे पचले नाही, काहींनी मात्र त्यांचे मोठेपण ओळखले. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्यांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. टिळकांचे पहिले इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ‘ख्रिस्त सेवा संघ’ हा आश्रम उभारला, ज्यात गोरे आणि भारतीय एका पंगतीला बसत व खादी वापरत. वेरियर एल्विन हे या आश्रमात आलेले इंग्रज धर्मगुरू. गांधीजींची बाजू घेतल्यावर त्यांचे चर्चच्या अधिकाऱ्यांशी जमेना आणि अखेर त्यांनी चर्च सोडले.

टिळकांना हवे होते ते स्वावलंबन चर्चला पुढे मिळाले, पण ते परिषदा आणि मसुद्यांच्या संथ वाटेने. १९२४ साली प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ झाले. १९२९ पासून चाळीसएक वर्षे वाटाघाटी चालल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चांनी आपली वेगळी अस्तित्वे विसर्जित करून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’, म्हणजे उत्तर भारतीय चर्च, स्थापन केले. अँग्लिकन, युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरेन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राईस्ट अशी ही सहा होती. बिशप राहिले, पण त्यांना निवडणुकीने यायचे होते. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा आणि जाणत्याचा बाप्तिस्मा, दोन्ही ग्राह्य धरले गेले. ज्या मुद्द्यांवरून युरोपात माणसे जाळली गेली, ते नागपुरात मतदानाने मिटले. ही किमया पूर्ण मात्र झाली नाही. अमेरिकन परंपरेचे मोठे मेथडिस्ट चर्च अगदी शेवटच्या क्षणी बाहेर राहिले. आणि विलीनीकरणानंतर मालमत्तेचे दावे इतके वाढले, की गुजरातमधील ब्रेदरेन मंडळीच्या मिळकतीचा तंटा २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात जाऊन एकीकृत चर्चच्या विरोधात निकाली निघाला. तत्त्वापेक्षा जमिनीचा तुकडा जास्त चिवट ठरतो, हा अनुभव इतर धर्मांनाही नवा नाही.

कॅथोलिकांमधील बदल वरून आला. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतील उपासनेला मान्यता दिली आणि शतकानुशतके लॅटिनमध्ये होणारी मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, मराठीत होऊ लागली. गंगापूर-वैजापूरचा पट्टा १९५५ पासून अमरावती धर्मप्रांतात होता. १९७७ साली औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ साली साहित्य अकादमीचा भाषांतर पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीला विरोध झाला तेव्हा एका कॅथोलिक धर्मगुरूचे मराठीपण सिद्ध करावे लागते की काय असा प्रश्न पडला होता, पण संमेलन पार पडले. आजची नवी फूट वेगळ्याच बाजूची आहे: जुन्या चर्चांमधील कुटुंबे घरगुती प्रार्थनासभा घेणाऱ्या स्वतंत्र पेंटेकोस्टल मंडळ्यांकडे वळतात, जेथे बिशप नसतो, नोंदवही नसते आणि आजारपणावर प्रार्थना मात्र ताबडतोब होते.

या सगळ्या भेदांखाली एक भेद तसाच राहिला आहे, ज्याचे मूळ जिनिव्हातही नाही आणि रोममध्येही नाही. गोव्यात बामण आणि चारडी ख्रिस्ती विवाह जुळवताना आजही जात पाहतात. गोदाकाठी महार आणि मांग मूळ असलेली कुटुंबे एका चर्चमध्ये बसली तरी सोयरीक बहुतेक आपापल्या जातीत करतात. लासूर स्टेशनपासून फार दूर नसलेल्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा ख्रिस्ती मिशनांच्या आशा पालवल्या होत्या. पण ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याची स्थिती चर्चच्या आत किती बदलते याविषयी बाबासाहेब साशंक होते, आणि १९५६ साली त्यांनी बौद्ध धर्माचा मार्ग स्वीकारला. मराठी दलित ख्रिस्ती कार्यकर्ते गेली काही दशके चर्चच्या पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारत आहेत, की बिशप, संस्थाचालक आणि प्राचार्य यांच्या यादीत आपली माणसे किती. पंथांच्या इतिहासात हे बंड क्वचितच नोंदले जाते, कारण त्यातून वेगळे चर्च निघालेले नाही.

राज्यव्यवस्थेनेही या प्रश्नात आपली बाजू घेतली आहे. १९५० च्या अनुसूचित जातींसंबंधीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात सामील करून घेतले गेले, ख्रिस्ती व मुस्लिम बाहेर राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांची गणना इतर मागासवर्गात होते, त्यामुळे शिक्षणात काही सवलत मिळते, पण राखीव मतदारसंघ आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण मिळत नाही. परिणामी कित्येक कुटुंबे चर्चच्या नोंदवहीत एका नावाने आणि शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या धर्माने वावरतात. या तिसऱ्या परिच्छेदाला आव्हान देणारी याचिका २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली, तिच्या अनुषंगाने केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, आणि मूळ आदेशातील तो परिच्छेद अद्याप लागू आहे.